रक्त जमिनीवर पडू न देणारी

सप्तशतीचा, म्हणजे देवीनं असुरांशी केलेल्या युद्धांच्या पोथीचा, आठवा अध्याय वाचताना मी एका जागी हमखास थांबते. रक्तबीज नावाचा असुर रणात उतरलेला असतो. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्या थेंबातून त्याच्याच ताकदीचा, त्याच्याच उंचीचा दुसरा रक्तबीज उभा राहतो. देवांच्या शक्ती देवीरूपानं त्याच्यावर तुटून पडतात. ऐंद्री वज्र मारते, वैष्णवी चक्र सोडते, कौमारी शक्ती फेकते, वाराही तलवार चालवते, माहेश्वरी त्रिशूळ खुपसते. एकीचाही नेम चुकत नाही. आणि प्रत्येक नेमका घाव बसला की शत्रू वाढत जातो. सगळं जग त्या रक्तातून उठलेल्या असुरांनी भरून जातं, देव भिऊन जातात.

तेव्हा चंडिका, म्हणजे मुख्य देवी, चामुंडेला म्हणते, तोंड मोठं पसर. माझ्या शस्त्रानं जे रक्त उडेल ते खाली पडण्याआधी तोंडात घे.

चामुंडा, म्हणजेच काली. तिची बाहेर आलेली जीभ, पसरलेला जबडा, ओठांवरचं रक्त, हे सगळं ज्या प्रसंगामुळे मनात ठसतं तो हा. मला या प्रसंगाची ओढ लागून बरीच वर्षं झाली. उग्र देवीचं रूप कशासाठी, या प्रश्नाचं जे उत्तर मला पटतं ते इथं सापडतं. चंडिका मारते आणि काली पिते. दोघींपैकी एकीनंच काम केलं असतं तर ते युद्ध संपलंच नसतं.

ठाण्यात नवरात्र फार मोठं असतं. टेंभी नाक्याची दुर्गेश्वरी कळव्याहून मिरवणुकीनं येते. १९७८ साली आनंद दिघे यांनी तो उत्सव सुरू केला, आणि आज त्या नऊ दिवसांत स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत चालणं म्हणजे माणसांच्या लोंढ्यातून वाट काढणं असतं. घरोघरी घट बसतात, धान्य रुजतं, बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून लोकलमध्ये फोटो काढतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. फक्त या आनंदात देवीच्या हातातली शस्त्रं आपण दागिन्यांसारखी बघू लागलोय असं वाटत राहतं. मूर्ती देखणी, साडी भरजरी, नथ ठसठशीत, आणि पायाखालचा महिषासुर कोपऱ्यात कुठेतरी.

उग्र रूप हवं असेल तर थोडं बाजूला जावं लागतं. ठाण्यातल्या बंगाली मंडळींच्या पूजेला मी एकदा मैत्रिणीबरोबर संधिपूजेच्या वेळी गेले होते. अष्टमीची शेवटची चोवीस मिनिटं आणि नवमीची पहिली चोवीस मिनिटं, अशी दोन घटकांची ही पूजा. त्या वेळात पूजा होते ती चामुंडेची. एकशे आठ दिवे लावतात, ढाक वाजत असतो आणि सगळे उभे असतात. किंवा नवी मुंबईच्या कुठल्याही जुन्या गावठाणात जावं. सिडकोच्या सेक्टरांच्या मधोमध अजून गावदेवी आहे. शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजलेला दगड, मोठे डोळे, दारात चैत्रातल्या जत्रेचं निशाण. दिवाळ्याची, घणसोलीची, तुर्भ्याची माणसं तिच्यापुढे जे बोलतात ते सरळ बोलतात. तिला कुणी 'किती गोड' म्हणत नाही. आणि मुंब्र्याच्या डोंगराच्या कपारीतली देवी! गाडी पारसिकच्या डोंगराखालून जाताना डब्यातले कितीतरी हात आपोआप छातीशी जातात. खिडकीतून पांढरं देऊळ जेमतेम दिसतं, पण कडा दिसतो, आणि त्या कड्यावर बसायला सौम्य देवता चालली नसती असं मला वाटतं.

तरी या उग्रपणाचा अर्थ काय?

सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय. महिषासुर मारल्यावर देव देवीची स्तुती करतात तो चौथा. त्यात देवांना एका गोष्टीचं फार नवल वाटतं. पूर्ण चंद्रासारखा, किंचित हसणारा हा चेहरा बघून महिषासुरानं वार केलाच कसा? मूर्तिकारांनी हे बरोबर ओळखलंय. वेरूळला बघा, महाबलिपुरमला बघा, रेड्यावर चाल करून जाणाऱ्या देवीच्या चेहऱ्यावर संताप नाही. हातात घाई आहे, चेहऱ्यावर नाही. त्याच अध्यायात देव पुढे विचारतात, नुसत्या नजरेनं तू सगळ्या असुरांना भस्म करू शकली असतीस, मग शस्त्रं कशाला चालवलीस? उत्तरही तेच देतात: शस्त्रानं पवित्र होऊन शत्रूंनाही चांगले लोक मिळावेत म्हणून. आणि मग ती ओळ येते, जी मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवली आहे: 'चित्ते कृपा समरनिष्ठुरता च दृष्टा'. चित्तात कृपा आणि रणात निष्ठुरता, एकाच वेळी, तुझ्यातच दिसली.

एकाच वेळी, हे महत्त्वाचं. आधी कडक मग मऊ, असं नाही. वरवर कडक पण आतून मऊ, असंही नाही. ती निष्ठुरताच कृपेचं काम करते आहे.

पण सातव्या अध्यायात चित्र बदलतं. चंड आणि मुंड हे असुर अंबिकेला, म्हणजे चंडिकेलाच, ओढून न्यायला येतात तेव्हा तिचा चेहरा रागानं शाईसारखा काळा होतो, आणि भुवयांच्या आठीतून, कपाळातून काली बाहेर पडते. तिचं वर्णन सुंदर करायचा कवीनं जराही प्रयत्न केलेला नाही. मांस सुकलेलं, अंगावर वाघाचं कातडं, गळ्यात नरमुंडांची माळ, डोळे खोल गेलेले, जीभ लवलवते आहे. हत्ती, माहूत, घंटा, सगळं ती एका हातानं उचलून तोंडात टाकते. चामुंडेच्या जुन्या मूर्तींत तिच्या खपाटीला गेलेल्या पोटावर कधी कधी विंचू कोरलेला असतो. पोटातली आग आणखी कशी दाखवणार? वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, रावण की खाईत, सप्तमातृकांच्या, म्हणजे ऐंद्री, वैष्णवी वगैरे सात मातांच्या, शेजारी काल आणि काली यांचे हाडाळ देह आहेत. मातृकांच्या मांडीवर, कडेवर मुलं आहेत आणि शेजारी ही हाडं. मी तिथं पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा घाबरले नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी भूक आणि राग यांना देवत्वातून हाकलून दिलेलं नव्हतं. पाचव्या अध्यायात 'या देवी सर्वभूतेषु' म्हणताना आपण बुद्धी, दया, शांती यांच्याच ओघात क्षुधा आणि भ्रांतीही म्हणून जातो, तेच इथं दगडात होतं.

आता मला माझ्या आत्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण आठवा अध्याय मला पोथीतून जितका कळला त्याहून जास्त तिच्याकडून कळला.

नौपाड्यात आजोबांचा फ्लॅट होता. त्यांच्या स्वतःच्या नोकरीच्या पैशातला. मृत्युपत्र त्यांनी केलं नव्हतं. इमारत पुनर्विकासाला निघाली आणि कागदावर वारसांची नावं लावायची वेळ आली. माझे बाबा, काका आणि नेरूळला राहणारी आत्या. आत्या हक्कसोडपत्रावर सही करणार हे इतकं गृहीत होतं की तिला कुणी विचारलंही नव्हतं. कागद तयार करूनच तिच्यापुढे ठेवले. मराठी घरांत असंच होतं. बहिणीनं सही करायची, भावांनी तिला साडी घ्यायची आणि माहेरचं दार उघडं राहिलं म्हणून सगळ्यांनी समाधान मानायचं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पण कायदा एकीकडे आणि पाटावर ठेवलेलं पेन दुसरीकडे.

आत्यानं कागद वाचले, घडी घातली आणि बाबांच्या हातात परत दिले. म्हणाली, "दादा, मी अप्पांची मुलगी आहे. कागदावर पण असू दे."

नात्यातल्या बायका-पुरुषांनी तिला जी नावं ठेवली त्यात एक होतं 'चंडिका'. ते शिवी म्हणून दिलं होतं. काकू तर तोंडावर म्हणाली, "वन्सं, भावांच्या घरावर डोळा ठेवून सुख लागत नसतं." आत्यानं उत्तर दिलं नाही, पण सहीही केली नाही.

खरं युद्ध मात्र पुढे झालं. वाट्याचा विषय निघाल्यावर बाबा आणि काकांमधलं जुनं सगळं वर आलं. आजीच्या आजारपणाचा खर्च कुणी किती केला, तिच्या पाटल्या कुणाकडे गेल्या, कोणाच्या लग्नात कोणाचा अपमान झाला. एकानं एक वाक्य बोलावं, ते दुसऱ्यापर्यंत जावं, जाताना वाढावं, तिथून चार वाक्यं परत यावीत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली टोमणे येऊ लागले. आम्ही चुलत भावंडं एकमेकांशी जपून बोलू लागलो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की रक्तबीज ही गोष्ट रचणाऱ्यानं माणसांची भांडणं फार जवळून बघितली असणार. प्रत्येकाचा वार नेमका होता. प्रत्येकाचं म्हणणं थोडंफार खरंही होतं. आणि दर वारागणिक रणात असुर वाढत होते.

दोघं भाऊ एकमेकांच्या तक्रारी घेऊन आत्यालाच फोन करायचे. ज्या बहिणीवर राग, तिच्याचपाशी मन मोकळं करायचे. मी त्या दिवसांत काही काळ तिच्याकडे राहिले होते. काका एकदा बाबांबद्दल जे बोलले ते मी ऐकलं. ते मी इथं लिहिणार नाही. आत्या गॅसपाशी उभी होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "ऐकलं मी. हे इथंच राहील. आता वाट्याचं बोल." दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, काय म्हणत होता तो? ती म्हणाली, "त्याचं त्याच्यापाशी. तू कागदाचं बोल." एकाचाही शब्द तिनं दुसऱ्यापर्यंत जाऊ दिला नाही. तिच्यापाशी आला आणि तिथंच संपला.

सोपं होतं असं नाही. आठव्या अध्यायात एक तपशील आहे, जो कथाकीर्तनात बहुधा गाळला जातो. रक्त चामुंडेच्या तोंडात पडलं तरी तिथंही असुर उठतातच. तोंडातल्या तोंडात उठतात, आणि ती त्यांना तिथंच चावून खाते. आत्या रात्री उशिरापर्यंत जागी असायची. संध्याकाळी आम्ही नेरूळच्या होल्डिंग पाँडच्या कडेनं चालायचो. भरतीला खाडीकडची दारं बंद होतात, पावसाचं पाणी तळ्यात साठून राहतं आणि ओहोटी लागली की सोडलं जातं, म्हणून खाडीच्या पातळीला असलेलं हे शहर बुडत नाही. तिथं चालताना ती एकदा म्हणाली, "तोंडात घेतलं तरी वळवळतं गं." एवढंच म्हणाली. पण तिचं ते तळ्यासारखं थांबवून धरणं मी त्या दिवसापासून ओळखू लागले.

इथं मला एका गोष्टीची भीती वाटते, आणि ती स्पष्ट बोलते. 'पिऊन टाक, गिळून टाक' हे आपल्याकडे बायकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. घरासाठी गिळावं लागतं, बाईनं पोटात ठेवावं, तोंडातून शब्द काढू नये. या उपदेशाला कालीचा आधार कुणी देऊ लागलं तर मी त्याला विरोध करीन. आठवा अध्याय नीट वाचा. चामुंडा स्वतःचे अश्रू गिळत नाही, शत्रूचं रक्त पिते. आणि ती पीत असताना चंडिकेचे शूळ, वज्र, बाण, तलवार थांबलेले नाहीत. मारणं चालू असतं म्हणूनच पिण्याला अर्थ आहे. नुसतं पीत राहिली असती तर रक्तबीज तसाच धडधाकट उभा राहिला असता, आणि ती मात्र आजारी पडली असती. अशा आजारी पडलेल्या बायका आपण सगळ्यांनी बघितल्या आहेत.

आत्यानं मारलंही. भावांची, काकूंची, आम्हा सगळ्यांची बैठक तिनं स्वतः नौपाड्याच्या घरात बोलावली. पिशवीतून आजीच्या औषधपाण्याच्या पावत्या काढल्या. "आईच्या आजारपणाचा खर्च तिघांनी केलाय. हा हिशोब. पाटल्या आईनं स्वतः मोडल्या, ही सराफाची पावती. आज बघून घ्या. उद्यापासून हा विषय कुणी काढला तर मी त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही." आवाज चढला नव्हता. पण माझे साठीचे बाबा मान खाली घालून बसले होते, आणि काकूच्या हातातला कप बशीवर वाजत होता. मी तिचा चेहरा बघत होते. त्यावर राग नव्हता. 'चित्ते कृपा' मी त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावर वाचली.

रक्तबीज शेवटी कसा पडतो? पोथीत त्याच्यासाठी एकच शब्द आहे: नीरक्त. त्याच्यात रक्तच उरलेलं नसतं. त्या बैठकीनंतर आमच्या घरात प्रेम उफाळून आलं असं काही झालं नाही. बाबा आणि काका आजही मोजकंच बोलतात. पण जुन्या शब्दांतून नवं भांडण उठायचं थांबलं.

उग्र देवीला कशासाठी हाक मारायची, हे एकनाथांना फार चांगलं माहीत होतं. त्यांच्या जोगव्यात महिषासुराचं नाव 'मोह' आहे. अनादि निर्गुण भवानी प्रगटली ती मोह महिषासुराला मारायला. आणि 'सत्वर पाव गे मला' हे भारूड! सासुरवाशीण भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर, दादला, एकेकाचं काय काय होऊ दे म्हणून सांगते. लोक खो खो हसतात. शेवटी 'सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला' येतं आणि हसणारा माणूस गप्प होतो. कीर्तनकार उलगडून सांगतात की ही नाती म्हणजे जिवाला बांधणारे विकार, आणि एकटी राहणं म्हणजे मुक्ती. अर्थ बरोबरच आहे. पण रूपक उलगडताना त्या बाईचा जाच पुसला जाऊ नये असं मला तीव्रतेनं वाटतं. नाथांनी तिच्या तोंडी जाचाची भाषा दिली ती त्यांना तो जाच दिसला म्हणून. देवीच्या उग्रपणात दोन्ही सामावतं, आतला मोह आणि बाहेरचा जुलूम. यातलं एकच खरं मानलं की देवी अर्धी होते.

वणीच्या सप्तशृंगीचा शेंदराचा लेप २०२२ साली काढला आणि खालचं जुनं रूप दिसू लागलं. अठरा हात, प्रत्येक हातात आयुध. आणि मान एका बाजूला किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करतात आणि देवी तो कान देऊन ऐकते, अशी तिथली श्रद्धा आहे. अठराही हात युद्धात गुंतलेले आणि मान ऐकण्यासाठी वळलेली! आत्या फोन कानाशी धरून गॅसपाशी उभी असायची तेव्हा तिचीही मान अशीच असायची.

सप्तशतीची सुरुवात असुरांपासून होत नाही, हेही मला फार मोलाचं वाटतं. राज्य गमावलेला सुरथ राजा आणि बायकामुलांनीच पैशासाठी घराबाहेर काढलेला समाधी नावाचा वैश्य, असे दोघं रानात मेधा ऋषींच्या आश्रमात भेटतात. राजाला मागे राहिलेल्या हत्तीची, खजिन्याची काळजी. वैश्याला हाकलून देणाऱ्या त्याच मुलांची काळजी. कळतं पण वळत नाही, असं का, एवढाच त्यांचा प्रश्न. ऋषी उत्तरादाखल मधु-कैटभ, महिषासुर, शुंभ-निशुंभ सांगू लागतात. म्हणजे घर, वाटा, भाऊ, मुलगा यांच्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून ही सगळी रणं आहेत. ऐकून झाल्यावर दोघं नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तीन वर्षं आराधना करतात. देवी प्रसन्न होते. सुरथ राज्य मागतो, समाधी 'मी' आणि 'माझं' तोडणारं ज्ञान मागतो. देवी दोघांनाही मागितलं ते देते. राज्य मागणाऱ्याला ती एका शब्दानं कमी लेखत नाही.

पुनर्विकासाच्या करारनाम्यावर आत्याचं नाव तिसरं आहे. परवा घटस्थापनेला मी नेरूळला गेले होते. घट बसवून झाला, ती पोथी सोडत होती, तेव्हा मी तिला विचारलं, आत्या, तू यातली कोण? सुरथ की समाधी?

"दोघांनी एकाच नदीकाठी एकच मूर्ती केली होती," ती चष्मा पुसत म्हणाली. "मला वाटाही हवा होता आणि सुटकाही हवी होती. एकच माग असं देवी कुठं म्हणाली?"

मग तिनं पाठ सुरू केला. कवच झालं, अर्गला आली. रूपं देहि, जयं देहि, यशो देहि. आणि 'द्विषो जहि'ला, शत्रूंना मार म्हणताना, तिचा आवाज चांगला चढला, दर श्लोकाला.